तेहेतीस पानांचे पत्र

१९३८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांना एक पत्र पाठवले. पत्र टंकलिखित होते आणि त्याची पाने होती तेहेतीस. विषय एकच : आपला पाच वर्षांचा मुलगा.

वकिलाचे नाव बीमन ट्रिपलेट, मुलाचे डोनाल्ड आणि डॉक्टरांचे लिओ कॅनर. ऑटिझमच्या, म्हणजे मराठीत आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो तिच्या इतिहासात या पत्राला मानाचे स्थान आहे. डोनाल्डला वर्षाचा असल्यापासून गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणता येत. अडीच वर्षांचा होण्यापूर्वीच त्याला अमेरिकेच्या अध्यक्षांची नावे पाठ होती, मुळाक्षरे तो सुलट आणि उलट म्हणे. पण हाक मारली तर तो वळून पाहत नसे. वडील घरी आले काय आणि न आले काय, त्याला फरक पडत नसे. भांडी आणि ठोकळे गरगर फिरवण्यात तो तासन् तास रमे. त्यात कोणी अडथळा आणला तर आकांत करी.

त्याआधी, १९३७ साली, चार वर्षेही पुरी झालेली नसताना त्याला एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आई-वडिलांनी महिन्यातून दोनदाच भेटायचे, असा तेथील नियम होता. सुमारे वर्षभराने त्यांनी मुलाला घरी न्यायचे ठरवले, तेव्हा संस्थाप्रमुखांनी विरोध केला. त्यांच्याकडे तपासणीचा अहवाल मागितला, तर उत्तर आले की कदाचित ग्रंथींचा काही विकार असावा. एकीकडे तज्ज्ञाचा हा अंदाज आणि दुसरीकडे वडिलांची तेहेतीस पाने! मूल कसे आहे हे कोणाला अधिक ठाऊक होते, ते सांगायला नकोच.

या लेखात आपल्याला पाहायची आहे ती पुढची गोष्ट. ज्या आई-वडिलांच्या नोंदींवर हे शास्त्र उभे राहिले, त्यांनाच आधी आरोपी ठरवण्यात आले. आणि तपासणीच्या पद्धती व शाळांची दारे या दोन्ही गोष्टी पुढे मुख्यतः त्यांच्याच धडपडीतून मिळाल्या.

अकरा मुले आणि एक चुकलेला निष्कर्ष

कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. डोनाल्ड त्यांतला पहिला. माणसांशी नाते जुळण्यातील अडचण, बोलण्यातील वेगळेपणा आणि सारे काही जसेच्या तसे राहावे हा हट्ट, ही लक्षणे एकत्र दिसतात आणि ती जन्मापासूनच असावीत, असे त्यांनी मांडले. 'ऑटिझम' हा शब्द नवा नव्हता. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो आधीच वेगळ्या संदर्भात वापरला होता. मुलांच्या या विशिष्ट अवस्थेला मात्र तो कॅनर यांच्यामुळे चिकटला.

त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होते. या मुलांचे आई-वडील उच्चशिक्षित, काटेकोर आणि भावना फारशा न दाखवणारे आहेत, असे कॅनर यांना वाटले. गंमत अशी, की मुलांच्या इतक्या बारीकसारीक नोंदी ठेवणे हाच त्यांनी या काटेकोरपणाचा पुरावा मानला. ट्रिपलेट यांच्या पत्राचा त्यांना फार उपयोग झाला, पण पत्राच्या लांबीवरून त्यांनी वडिलांचीही परीक्षा केली!

येथे आपल्यासारख्या शिक्षकांनी क्षणभर थांबायला हवे, कारण वर्गात सांगण्याजोगा एक धडा येथे आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत दूरवरून बाल्टिमोरच्या नामांकित डॉक्टरांपर्यंत कोण पोहोचू शकत होते? पैसा, शिक्षण आणि ओळखी असलेलीच कुटुंबे. शेतमजुराच्या घरातही असे मूल असेल, पण ते कॅनर यांच्या खोलीत येणार कसे? जाळ्याची भोके मोठी असली म्हणजे लहान मासे हाती लागत नाहीत. त्यावरून तळ्यात लहान मासेच नाहीत असे म्हणता येत नाही. नमुना निवडण्यातील दोष म्हणतात तो हाच.

दुर्दैवाने पुढची सुमारे दोन दशके या दोषाची किंमत आयांनी मोजली. खुद्द कॅनर यांनीच अशा घरांतील वातावरणाला शीतकपाटाची उपमा दिली आणि त्यातून 'थंड आई' ही कल्पना रूढ झाली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून ती सर्वदूर पोहोचवली. मुलाला तपासायला नेले की तपासणी आईचीच होई. उपचार काय, तर मुलाला घरापासून दूर ठेवा आणि आईला मानसोपचार द्या.

पुस्तकाच्या शेवटी जोडलेली प्रश्नावली

या कल्पनेला पहिला जोरदार धक्का दिला तोही एका पालकानेच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा १९५६ साली जन्मला आणि तो स्वमग्न असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. आपली पत्नी 'थंड' नाही हे त्यांना दिसत होते. पण एका घराचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी मिळेल तेवढे लेखन वाचून काढले आणि १९६४ साली पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. आईच्या वागण्याने हे घडत असेल, तर त्याच आईची इतर मुले सहसा चांगली बोलती-खेळती कशी? काही मुले अगदी जन्मापासून वेगळी कशी? मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण इतके जास्त का? एकसारख्या जुळ्यांत ते दोघांमध्येही का आढळते? या साऱ्या प्रश्नांचा रोख जैविक कारणाकडे होता. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती कॅनर यांनी, हे विशेष.

पुस्तकाच्या शेवटी रिमलँड यांनी मुलाच्या लक्षणांची एक प्रश्नावली जोडली होती. ती भरून पालकांनी त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. टपालातून येणाऱ्या या कागदांतून एकट्या पडलेल्या घरांना एकमेकांचा पत्ता लागला. १९६५ साली रिमलँड, रूथ सलिव्हन आणि इतर पालकांनी मिळून स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९६९ साली याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

सज्जड पुरावा आला तो १९७७ साली. सूझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. अकरा एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. दहा भिन्न जुळ्यांच्या जोड्यांपैकी एकीतही नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईजवळ वाढतात. मग फरक कशाचा? आनुवंशिकतेचा.

तपासले, पण शाळेचे काय?

निदान झाले म्हणजे शाळा मिळाली असे नव्हते. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी संस्था काढली, तिचा पहिला हेतू शिक्षणाचाच होता. माँटेसरी पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्या सिबिल एल्गर या बाई लंडनमधील आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवत होत्या. त्यांना सोबत घेऊन संस्थेने १९६५ साली लंडनच्या ईलिंग भागात शाळा सुरू केली.

संस्थेच्या संस्थापकांपैकी लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. कॅनर यांच्या चौकटीत नेमकी न बसणारी, पण मदतीची तितकीच गरज असणारी मुले त्यांना भोवताली दिसत होती. त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी करून १९७९ साली निष्कर्ष मांडले. कॅनर यांच्या वर्णनाची मुले दर दहा हजारांत पाचच्या आसपास होती; पण सामाजिक देवाणघेवाणीत तशाच अडचणी असणारी मुले धरली, तर संख्या वीसच्या वर जात होती. 'वर्णपटा'ची आजची कल्पना येथून रुजली. १९८१ साली विंग यांनी व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांचे १९४४ मधील जर्मन काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. व्याख्या रुंदावली, म्हणून अधिक मुले मदतीच्या कक्षेत आली. आज आकडे वाढलेले दिसतात त्याचे हेही एक मोठे कारण आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉपलर यांनी १९६६ पासून पालकांनाच सहशिक्षक केले. दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून समोर लावणे, प्रत्येक कामाला ठरावीक जागा देणे अशा युक्त्या तेथे विकसित झाल्या. पालकांनी आमदारांची मने वळवली आणि १९७२ साली राज्याने तो उपक्रम आपला म्हणून स्वीकारला. तोवर विविध अपंगत्व असणारी सुमारे दहा लाख अमेरिकी मुले सरकारी शाळांबाहेरच होती. १९७५ च्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, प्रत्येकासाठी वेगळी लेखी योजना बंधनकारक केली आणि ती ठरवताना पालकांना बैठकीत जागा दिली. निर्णय पटला नाही तर दाद मागण्याची सोयही ठेवली. १९९० साली स्वमग्नतेचा त्या कायद्यात स्वतंत्र उल्लेख झाला.

आपल्याकडे

भारतातही वाट पालकांनीच पाडली. एका स्वमग्न मुलाच्या आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ साली दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत मात्र स्वमग्नता नव्हती. यादीत नाव नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून सवलत नाही, असे ते दुष्टचक्र होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात हा शब्द आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे समाविष्ट झाली. ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक ठरते, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना या कायद्याने जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे.

तपासणीसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मापनश्रेणी तयार केली. तिच्यात चाळीस बाबी आहेत आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. एकूण सत्तरपेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही. १५३ च्या वर म्हणजे तीव्र. हे गुण द्यायचे कशावरून? मुलाच्या निरीक्षणावरून आणि पालकांना विचारलेल्या प्रश्नांवरून. स्वमग्नतेचे निदान करणारी रक्ताची चाचणी किंवा क्ष-किरण चित्र आजही नाही. साधने सुधारली, पण त्यांच्या तळाशी अजून ट्रिपलेट यांचे पत्रच आहे.

नोंद आणि निष्कर्ष

पण म्हणून पालकांचे सारेच बरोबर असते असे नाही. १९९८ साली एका ब्रिटिश निबंधाने गोवर, गालगुंड व रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला आणि असंख्य पालकांचा त्यावर विश्वास बसला. मोठमोठ्या पाहण्यांत असा संबंध आढळला नाही आणि २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला. कॅनर यांच्या युगातील चूक मोडून काढणारे रिमलँड स्वतः उत्तरायुष्यात लशींना दोष देणाऱ्यांच्या बाजूला होते. 'लस दिल्यानंतर मूल बोलेनासे झाले' ही नोंद आहे. 'लशीमुळे झाले' हा निष्कर्ष आहे. पहिली आदराने ऐकावी, दुसरा तपासून घ्यावा. आणि हा नियम तज्ज्ञांनाही लागू करावा. 'थंड आई' हा तज्ज्ञांचाच निष्कर्ष होता.

शाळेत आपल्यासमोर येणारे आई-वडील बहुधा दमलेले असतात. डॉक्टरांच्या खोलीत काही मिनिटांत सारे सांगायचे असते, शाळेत 'आधी दाखला आणा' हे उत्तर मिळालेले असते आणि नातेवाइकांनी लाड फार झाल्याचे निदान केव्हाच केलेले असते. अशा वेळी शिक्षकाची वही फार मोलाची. 'मुलगा हट्टी आहे' असे लिहिण्यापेक्षा 'घंटा झाली की दोन्ही कान झाकतो. तासाची अदलाबदल केली तर रडतो. आधी सांगितले तर रडत नाही' असे लिहावे. पहिल्या वाक्याचा तपासणाऱ्याला काहीच उपयोग नाही. दुसऱ्यात निदानाला मदत आहे आणि उद्या काय करायचे तेही आहे.

डोनाल्डचे पुढे काय झाले? १९४२ साली त्याला घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या जोडप्याने त्याला विहिरीची खोली मोजायला दिली. मक्याच्या ओळी मोजण्याचा नाद लागला, तेव्हा नांगर हातात देऊन नांगरताना त्या मोजायला सांगितल्या. जवळच्या खेड्यातल्या शाळेने त्याला त्याच्या विक्षिप्तपणासह सामावून घेतले. १९५८ साली तो फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला, पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर हिंडला. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्या शेतकऱ्याने किंवा त्या खेड्यातल्या मास्तरांनी स्वमग्नतेवरचा एकही निबंध वाचला असण्याची शक्यता नाही. त्यांनी मुलाकडे नीट पाहिले होते.