प्रवाळगृहातील उजेडाची बखर

काचेच्या हौदात प्रवाळ जगवण्याच्या छंदाची बखर लिहावयाची झाल्यास तिचा आरंभ दिव्यापासून नव्हे, सूर्यापासूनच करावा लागेल. कारण १९६१ च्या सुमारास जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्याच शिबंदीवर समुद्र घरी नांदवला. उन्हाची वानवा असलेल्या युरोपात ही कामगिरी मेटल हॅलाइड दिव्यांकडे आली. पण त्यांच्या दाहाने हौदाचे पाणी तापे. पुढे १९९३ मध्ये जपानात नाकामुरा या संशोधकांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला, आणि प्रवाळाच्या पेशींत वसणारी सूक्ष्म शैवले ज्या निळ्या किरणांवर यजमानाचे अन्न रांधतात, ते नेमके निवडण्याची मुखत्यारी छांदिष्टाच्या हाती आली. म्हणूनच जाणता मनुष्य आजही झगमगाटाला न भुलता प्रथम निळाई पारखतो, आणि प्रवाळ पांढुरका दिसताच तेज उतरवतो.