पिसूची सवय आणि सरकारी हुकूम

एयरोसिटीतील आमच्या वसाहतीत पावसाळा सुरू झाला की, दर आठवड्यास एक विधी नेमाने पार पडतो. कूलरचे पाणी ओतून टाकी कोरडी पुसावयाची, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घालावयाच्या, गच्चीवरील टाकीचे झाकण तपासावयाचे. वस्ती नवी, रस्ते रुंद. तरीही डेंग्यूची धास्ती आहेच. कारण या रोगाच्या डासाला घाण पाणी लागत नाही, घरातले स्वच्छ पाणी चालते. तो दिवसाढवळ्या चावतो, आणि हाताने हुसकला की एकाचे रक्त अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळतो. म्हणून एकच डास घरातल्या तिघाचौघांना अंथरुणास खिळवू शकतो. डास किती आहेत याइतकेच ते कोणाला, केव्हा आणि किती वेळा चावतात, यावर रोगाचा फैलाव ठरतो.

आज हे ज्ञान शाळकरी मुलासही असते. परंतु ते मिळविण्यासाठी आपल्या मुलखाने केवढी किंमत मोजली, याचे स्मरण आपणां सरकारी नोकरीतील मंडळींस विशेष उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. शत्रू ओळखीचा झाला होता. तो कोणत्या वाटेने घरात शिरतो, ते मात्र ठाऊक नव्हते. मांडवी हा गोदीजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. तेथे उंदरांस काय तोटा? तथापि सरकारी नजर गेली ती गटारांकडे, अंधाऱ्या खोल्यांकडे आणि माणसांकडे.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. माजघरे, देवघरे यांचाही विधिनिषेध राहिला नाही. रोगी इस्पितळात आणि त्याची माणसे छावणीत, असा शिरस्ता पडला. लोक रोगापेक्षा झडतीला भिऊ लागले, रोगी लपवू लागले. त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

गावोगावच्या लोकांना मात्र एक खूण कळली होती. 'उंदीर पडले' असे कोणी म्हणताच माणसे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागत. यात पुस्तकी विद्या नव्हती; पण उपाय योग्य होता. आम्ही आज ज्या प्रांतात राहतो, त्यालाही हा भोग चुकला नाही. एयरोसिटीहून जालंधरकडे जाताना वाटेत बंग्याजवळ खटकड़ कलां हे गाव लागते. भगतसिंगांचे वडिलोपार्जित गाव म्हणून आपण ते ओळखतो. पंजाबातील प्लेगची पहिली मोठी नोंदही १८९७ च्या शरदात याच गावी झाली. पुढे पंजाबात या रोगाने लाखो माणसे नेली.

रोगाच्या वाटेचा छडा लागला तो तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्याच कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने २ जून १८९८ रोजी काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला प्लेगचा उंदीर ठेवला, आणि त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. पहिला मेला; थोड्याच दिवसांत दुसराही प्लेगनेच मेला. मधला दूत पिसूखेरीज दुसरा कोण? पण सरकारच्या प्लेग कमिशनने हे मत मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी गिनीपिगांचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवून पाहिले. उघडे ठेवलेले प्राणी मेले. बारीक जाळीने झाकलेले, किंवा पिसूची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगलेले, वाचले. तेव्हा शंका उरली नाही.

या साऱ्याचे मर्म पिसूच्या एका सवयीत आहे. उंदराची पिसू मुळात माणसाच्या वाट्यास जात नाही. तिला उंदराचेच रक्त हवे असते. उंदीर मरून गार पडला की ती त्याला सोडते, आणि घरात दुसरा उंदीर उरला नसेल तर भुकेपोटी माणसाला चावते. म्हणूनच उंदीर पडल्यावर दहापंधरा दिवसांनी माणसे पडत. १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बॅकट आणि मार्टिन यांनी पुढचे कोडे सोडविले. प्लेगचे जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी साठून बोळा बसवितात. तिने प्यालेले रक्त पोटात उतरत नाही. उलट जंतूंसह जखमेत परत येते. भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते.

हे कळल्यावर १८९७ च्या हुकुमांकडे पाहावे. रोग्याला ओढून नेले, तरी पिसवा घरातच राहिल्या. घर रिकामे करणे हा उपाय खरा होता. पण तो भलत्या कारणासाठी आणि बळजबरीने झाल्यामुळे लोकांनी तो शिक्षा मानला. माळावर आपखुशीने जाणारा माणूस छावणीत जाताना मात्र लपू लागला.

आम्ही कारकून मंडळी हुकुमांचे मसुदे करतो. ज्या गोष्टीसाठी हुकूम निघतो, तिची सवय आपणांस माहीत आहे काय, आणि ज्यांच्यावर तो बजावला जाणार त्यांना तिच्याविषयी आधीच काही ठाऊक आहे काय, हे दोन प्रश्न कोणत्याही मसुद्याच्या नमुन्यात छापलेले नसतात. ते आपले आपणच विचारावे लागतात. आठवड्याचा कूलर रिकामा करताना आम्हांस हेच आठवते. या कामासाठी आमच्या दारी शिपाई यावा लागत नाही. कारण डासाची सवय आम्हांला कोणीतरी नीट समजावून सांगितली आहे.