प्रयोगवहीचे पुस्तक

पुस्तके मोठ्यांनी लिहावीत आणि मुलांनी ती वाचावीत, अशी आपल्याकडील रीत आहे. त्यातून पुस्तक शास्त्रविषयक असेल, तर ते लिहावयास कोणी विद्वानच हवा, असे आपण गृहीत धरून चालतो. अलीकडे मात्र शाळेतील लहान लहान मुले संगणकावर किंवा मोबाइलवर आपल्याच प्रयोगांची पुस्तके तयार करू लागली आहेत. चित्रे त्यांची, मजकूर त्यांचा, आणि पानावर बोट टेकले की ऐकू येणारा आवाजही त्यांचाच. हे पाहून कोणी तोंड भरून कौतुक करतात, तर कोणी 'हे काय नवे खूळ!' म्हणून नाक मुरडतात. या दोन्ही मंडळींना सांगावेसे वाटते की, साधन नवे असले तरी खूळ नवे नाही. शिकत असलेले शास्त्र शिकणाऱ्यानेच मराठीत लिहून काढावे व छापावे, हा उद्योग मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने सुरू झाला होता.

त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण बाळशास्त्री जांभेकरांपाशी जाऊन पोहोचतो. कोकणातील पोंभुर्ले गावचा हा मुलगा. १८३२ साली 'दर्पण' सुरू झाले, तेव्हा त्याने जेमतेम विशी गाठली होती. एवढ्या वयात आजची मुले कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेली असतात! पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते गणित व ज्योतिष शिकवू लागले. 'दर्पण' सर्वांना ठाऊक आहे. पण १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचे मासिक काढले, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास असे विषय त्यात मराठीतून येत. वर्गात इंग्रजीतून जे सांगावयाचे, तेच वर्गाबाहेरच्या माणसासाठी मराठीतून मांडावयाचे, हा त्यांचा प्रघात. १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ च्या जून महिन्यात, एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी व नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी एक सभा स्थापन केली. 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' असे तिचे लांबलचक नाव. प्रोफेसर पॅटन यांचे तिला उत्तेजन होते. दादाभाई नवरोजी तिच्या आघाडीच्या मंडळींपैकी एक. सभासदाने एखादा विषय घ्यावा, त्यावर निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमोर वाचावा आणि मग प्रश्नांना तोंड द्यावे, असा क्रम असे. लवकरच या सभेला गुजराती व मराठी अशा दोन शाखा फुटल्या. मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले, आणि १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले.

याच तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या आणि आपला अभ्यास सांभाळून त्या शाळांतून स्वतः शिकविले, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. ज्याला उद्या सकाळी एका लहान मुलीपुढे उभे राहून ग्रहण कसे लागते हे सांगावयाचे आहे, त्याला नुसती इंग्रजी वाक्ये पाठ करून कसे भागेल? आपणांस खरोखर किती कळले आहे, याचा झाडा त्याला आधी स्वतःपाशी द्यावा लागतो. परीक्षा देणे आणि दुसऱ्याला समजावणे यांतील अंतर या विद्यार्थ्यांना असे रोजच्या रोज कळत असले पाहिजे.

अडचण होती ती शब्दांची. प्राणवायू, गुरुत्वाकर्षण, विषुववृत्त हे शब्द आज आपण फुकटात वापरतो. पण एकोणिसाव्या शतकातील लेखकांना असला एकेक शब्द संस्कृतातून, बोलीतून, कधी स्वतःच्या कल्पनेतून मिळवून रुळवावा लागला. काही शब्द टिकले, पुष्कळसे मागे पडले. मागे पडलेल्यांनाही हसू नये. शब्द शोधण्यासाठी वस्तूकडे नीट पाहावे लागते, आणि तसे पाहणे हेच तर शास्त्राचे पहिले काम.

त्या काळच्या छपाईचीही गंमत आहे. देवनागरीचे खिळे पाडणे फार खर्चाचे, कारण जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून शेकडो खिळे लागत. म्हणून आरंभीची पुष्कळशी मराठी पुस्तके शिळाछापावर निघाली. मेणकट शाईने कागदावर लिहावयाचे, तो मजकूर एका विशिष्ट चुनखडी दगडावर उतरवावयाचा, दगड ओला करावयाचा आणि वर तेलकट शाई फिरवावयाची. ओल्या भागावर शाई धरत नाही, लिहिलेल्या भागावर धरते. झाले पुस्तक! गणपत कृष्णाजींनी १८३१ साली याच पद्धतीने पंचांग छापले. शिळाछापाच्या पुस्तकात लेखनिकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे दिसते, त्याच्या वेलांटीच्या लकबीसकट. आज एखादी मुलगी वहीच्या पानाचा फोटो काढून तो आपल्या डिजिटल पुस्तकात बसविते, तेव्हा तिच्या हस्ताक्षराचे तेच होते. दगड तेवढा गेला.

याच पिढीतले केरो लक्ष्मण छत्रे. विद्यार्थिदशा संपते न संपते तोच ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. ठरलेल्या वेळी उपकरण पाहावे आणि आकडा नोंदवावा, उद्या पुन्हा पाहावे, पुन्हा नोंदवावा, असे ते काम. १८६० साली निघालेल्या त्यांच्या 'ग्रहसाधनाची कोष्टके' या ग्रंथाकडे पाहताना मला त्यातील विद्वत्तेपेक्षा त्यामागील रोजनिशीची सवय अधिक मोलाची वाटते.

पुढे शिक्षणखाते आले, क्रमिक पुस्तके आली, परीक्षा आल्या. ते आवश्यकच होते. हजारो शाळांना एकसारखे पुस्तक मिळावे कसे, हा प्रश्न काही निबंध वाचून सुटणारा नव्हता. पण या व्यवस्थेत विद्यार्थी लेखकाच्या जागेवरून उठला आणि वाचकाच्या जागी जाऊन बसला. त्याच्या हाती लेखनाचे एकच साधन उरले, ते म्हणजे प्रयोगवही. या प्रयोगवहीची थोरवी काय वर्णावी! उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग होण्याच्या आदल्या दिवशी निरीक्षण लिहून तयार, आणि सगळ्या वर्गाचे अनुमान स्वल्पविरामापर्यंत एक! ज्या वर्गात साठ मुले आणि परीक्षानळ्या चार, तेथे दुसरे काय होणार? तेव्हा दोष एकट्या मास्तरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मोठ्यांनी शास्त्र मराठीत लिहिण्याचे काम मात्र चालू होते. १९२८ पासून 'सृष्टिज्ञान' निघू लागले, १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मुलाने स्वतः लिहावे, या विचाराला पुन्हा जाग आली ती त्यानंतर. आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांतून एक कार्यक्रम सुरू झाला. तेथील 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे दिलेलीच नव्हती. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावयाचे आणि उत्तरे आपल्या वहीत स्वतः लिहावयाची. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा. हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली सरकारनेच तो बंद केला. आपल्या मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. तीत दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या गावातील एखादा प्रश्न घेऊन त्याचा छडा लावतात आणि त्याचा अहवाल आपल्या भाषेत लिहितात. पण असे अहवाल जातात कोठे? परीक्षकांच्या टेबलावर, आणि तेथून कपाटात. वाचक मिळत नाही. 'ज्ञानप्रसारक'च्या मंडळींजवळ मासिक होते. या मुलांजवळ ते नव्हते.

येथे संगणक मदतीला आला, पण लगेच नव्हे. आरंभी देवनागरीचा प्रत्येक फाँट आपल्या घरचा राजा. एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडावे, तो चौकोन आणि चिन्हांची रांगोळी! युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि तो हळूहळू सर्वत्र रुळला, तेव्हा कोठे मुलाने भाईंदरला लिहिलेला 'क्ष' चंद्रपूरला 'क्ष' म्हणूनच उघडू लागला. मला हे खिळ्यांच्या शोधाइतकेच मोठे काम वाटते, जरी त्याचे स्मारक कोणी उभारलेले नाही. २०१५ साली प्रथम बुक्सने 'स्टोरीवीव्हर' हे खुले दालन उघडले. त्यात कोणीही चित्रे घेऊन पुस्तक रचावे, दुसऱ्याचे आपल्या भाषेत आणावे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून त्यामागे आवाज व चित्रफिती ठेवल्या. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ते सर्वांनी वाचले आहेच. त्याच साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि मोबाइल नावाची वस्तू घरोघरी वर्गाच्या जागी येऊन बसली.

आता आमच्या गावाकडे वळतो. मीरा-भाईंदर आज महानगरपालिका आहे, २००२ पासून. त्यापूर्वी १९८५ पासून नगरपालिका, आणि त्याही आधी खाडीकाठची गावे, कोळीवाडे आणि आगरी लोकांची मिठागरे. उंच इमारतींच्या मागे आता मिठागरांच्या ओसाड रेघा तेवढ्या दिसतात. सहावीच्या काही मुलांना मी विचारले, 'मीठ येते कोठून?' उत्तर आले, 'पिशवीतून.' मग ठरले की, याचेच पुस्तक करावयाचे.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे पुस्तकात वाचावयास मिळते. मुलांनी उत्तनच्या किनाऱ्यावरून पाणी आणले, मोजून परातीत ओतले आणि गच्चीत ठेवले. रोज एक फोटो, फोटोखाली तारीख आणि एक वाक्य. वाक्य एकच असावे आणि जे दिसले तेच लिहावे, एवढाच माझा नियम. 'आज पाणी बोटभर उतरले.' 'आज कडेला पांढरी रेघ.' 'आज कावळ्याने चोच घातली.' कावळा ठेवावा की काढावा, यावर वाद झाला. कावळा राहिला, कारण त्याने पाणी सांडले असेल तर वजनात फरक पडणार, हा एका मुलाचा मुद्दा बिनतोड होता.

परात कोरडी होईपर्यंत थांबून मुलांनी जे खरवडले, ते चाखल्यावर कडवट लागले. आता आली पंचाईत! पुस्तकात 'मीठ तयार झाले' असे लिहावयाचे, की 'कडू काहीतरी तयार झाले' असे? एका मुलीच्या आजोबांनी उभे आयुष्य मिठागरात काढलेले. ते म्हणाले, 'शेवटचं पाणी कोण सुकवतं? ते सोडून द्यायचं असतं.' पाणी आटत जाते तसा आधी चुन्याचा क्षार खाली बसतो, मग मीठ. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. मिठागरात हे कडू पाणी मिठापासून वेगळे काढतात, ते याचसाठी. मुलांनी आजोबांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित केले आणि सातव्या पानावर बसविले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही माहिती आहे. मुलांच्या पुस्तकात ती एका आगऱ्याच्या तोंडून, त्याच्या हेलासकट आली आहे.

यातला धोकाही सांगितला पाहिजे. एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी यंत्राला विचारून 'मिठाचे उत्पादन' या विषयावर सुबक मराठीत दोन पाने आणली. शुद्धलेखन निर्दोष. मी त्याला एवढेच विचारले, 'यातली परात कोणती?' तो गप्प झाला. आदल्या दिवशी निरीक्षण लिहून ठेवणारी जुनी प्रयोगवही आता क्षणार्धात आणि फार सुंदर अक्षरात तयार होऊ शकते. शिवाय मोबाइल घरात एकच, तो वडिलांबरोबर सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातो, आणि मूल रात्री नऊपर्यंत वाट पाहते, ही गोष्टही उत्साही मंडळी विसरतात. आमच्या पुस्तकातील निम्मी वाक्ये आधी पाठकोऱ्या कागदावर लिहिली गेली, ती यामुळेच. त्याने नुकसान काही झाले नाही.

पुस्तक झाले सोळा पानांचे. पंधरा भरली आहेत. जुलैमध्ये मुलांनी तोच प्रयोग पुन्हा मांडून पाहिला, या वेळी वर्गाच्या खिडकीत. दमट हवेत पंधरा दिवसांनीही परात ओलीच राहिली. मिठागरांचे काम पावसाळा सरल्यावर का सुरू होते, ते त्यांना तेव्हा कळले. सोळाव्या पानावर सध्या एवढेच लिहिलेले आहे: 'दिवाळीच्या सुटीनंतर परत ठेवणार. या वेळी कडू पाणी आधी काढणार.'