खुर्चीतून उठण्याचा इतिहास

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन येतो आणि त्याच्या आगेमागे एक मथळा हमखास दिसतो : व्यायामाने स्मरणशक्ती वाढते. घरात स्मृतिभ्रंश झालेली आजी किंवा आजोबा असतील, तर तो वाचून आशा जागणे स्वाभाविकच आहे. भारतातील साठीपुढील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. तेव्हा ही आशा तपासून घेणे हे आपले कर्तव्य ठरते. त्यासाठी या कल्पनेचा इतिहास पाहू.

१९०६ साली अलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आपल्या एका रुग्णेच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले. तेव्हापासून या विकाराकडे प्रामुख्याने मेंदूचा विकार म्हणून पाहिले गेले. शरीराच्या हालचालींशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न बऱ्याच उशिरा ऐरणीवर आला. आणि त्याची एक गुरुकिल्ली वेगळ्याच दालनात सापडली.

१९५३ साली अमेरिकेत अपस्माराच्या उपचारासाठी एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. सलग तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, याचे त्याला स्मरण नसे. प्रसंगांची स्मृती आणि शरीराच्या सवयींची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जपली जाते, हे त्यातून उमगले. स्मृतिभ्रंशात मेंदूची हानी याहून व्यापक असते, हे खरे. तरीही सकाळचा चहा विसरणारे आजोबा चपला मात्र सवयीने नेमक्या पायांत कशा घालतात, याचे काही उत्तर इथे मिळते. अशा व्यक्तीला व्यायाम समजावून सांगण्यापेक्षा रोज सोबत करून दाखवणे अधिक उपयोगी का, हेही यातून कळते.

दुसरा धागा स्वीडनमधला. १९९७ साली तेथील संशोधकांनी वृद्धनिवासातील ५८ जणांचे एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. चालता चालता त्यांच्याशी बोलणे सुरू केले, तेव्हा १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे ही केवळ पायांची क्रिया नाही, त्यात अवधानही खर्ची पडते. आणि ती शिल्लक अपुरी पडू लागली की तोल जातो.

भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला इथे खुर्चीतून उठण्याची क्रिया विलक्षण वाटते. बसलेले असताना शरीराचे गुरुत्वमध्य खुर्चीच्या आधारावर असते. उठण्यासाठी ते पुढे सरकून पावलांच्या क्षेत्रावर यावे लागते, आणि मग मांड्यांच्या स्नायूंना ते वर उचलावे लागते. पावले मागे घेणे, धड पुढे झुकवणे, जोर लावणे हा क्रम चुकला की माणूस मागे कोसळतो. हा क्रम ज्याला साधतो, तो स्वतःहून शौचालयापर्यंत जाऊ शकतो. ज्याला साधत नाही, त्याला दर वेळी दुसऱ्याचा हात लागतो.

आता प्रयोगांकडे वळू. २००३ साली सिॲटलमधील संशोधकांनी अल्झायमर झालेल्या, घरी राहणाऱ्या १५३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. घरच्या माणसांनाच रुग्णाकडून व्यायाम करवून घेण्याचे आणि त्याचे वर्तन हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले. रुग्णांची शारीरिक क्षमता सुधारली, नैराश्यही कमी झाले.

भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न बंगळुरूत झाला. येथील सरकारी मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली निम्हान्स उभी राहिली. तेथील संशोधकांनी नऊ वृद्धाश्रमांतील १२० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिकपणे दोन गटांत विभागले. एका गटाला महिनाभर रोज, मग तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्यातून एकदा योगाभ्यास दिला आणि सहा महिन्यांपर्यंत तो आपापला चालू ठेवण्यास सांगितले. २०१३ साली निष्कर्ष आले : योग करणाऱ्यांची झोप आणि जीवनमान सुधारले. त्याच सुमारास निम्हान्सच्याच दुसऱ्या अभ्यासात योगानंतर हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचे आकारमान वाढल्याचे दिसले. पण त्यात सात निरोगी वृद्ध होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. असा अभ्यास दिशा सुचवतो, निकाल देत नाही. निरोगी मेंदूविषयीचे अनुमान स्मृतिभ्रंश झालेल्या मेंदूला लावताना तर फारच जपावे लागते. आशेचा मथळा बहुधा नेमकी हीच पायरी गाळतो.

ती पायरी इंग्लंडमध्ये तपासली गेली. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ व्यक्तींवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. चार महिन्यांच्या कसून करवलेल्या व्यायामाने अंगातली ताकद आणि दम काही काळ वाढला. बुद्धीचा ऱ्हास मात्र मंदावला नाही, उलट व्यायाम करणाऱ्यांचे गुण किंचित खालावलेले दिसले. तेथीलच, प्रारंभिक अवस्थेतील ३६५ जणांच्या दुसऱ्या चाचणीत एका गटाला वर्षभर घरी व्यायामाचे मार्गदर्शन देऊनही त्याच्या दैनंदिन कामांच्या क्षमतेत फरक पडला नाही, असे २०२३ साली स्पष्ट झाले.

मग सारेच व्यर्थ म्हणायचे का? फिनलंडचे उत्तर इथे महत्त्वाचे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत जोडीदारासह घरी राहणारे २१० अल्झायमरग्रस्त होते. त्यांतील एका गटाकडे फिजिओथेरपिस्ट वर्षभर, आठवड्यातून दोनदा, तासभर घरी येत. वर्षाअखेर सर्वच गटांची शारीरिक क्षमता घटली. पण घरी व्यायाम करणाऱ्यांची घट सर्वांत संथ होती, आणि ज्यांना नेहमीचीच सेवा मिळत होती त्यांच्यापेक्षा ते कमी वेळा पडले. विकार पुढे सरकत राहिला, तरी उभे राहण्याचे काही महिने हाती लागले. ही मिळकत लहान नव्हे.

ती घडवून आणायला कोणीतरी सोबत असावे लागते. गोव्यात संगथ या संस्थेच्या संशोधकांनी ८१ कुटुंबांसह केलेली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिचा विषय व्यायाम नव्हता. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना माहिती आणि आधार देत. त्यातून त्या कुटुंबीयांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. आपल्याकडे घरचा व्यायाम बहुधा सुनेच्या, लेकीच्या किंवा वृद्ध जोडीदाराच्याच खांद्यावर येतो. तो खांदा थकला, तर व्यायामाची सर्वोत्तम योजनाही आठवड्याभरात बंद पडते.

म्हणून घरी आरंभ लहान असावा. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांचा सल्ला घ्यावा. हातांची, चाके नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. रोज ठरलेल्या वेळी समोर बसून आपणही तीच क्रिया करावी आणि एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी : ‘पाय मागे’, मग ‘पुढे वाका’, मग ‘उठा’. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलाव्यात. हात धरून घरातल्या घरात चालावे, आणि त्या वेळी प्रश्न विचारू नयेत. चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप जाणवली, तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. नकार आला, तर तो मान्य करून थोड्या वेळाने पुन्हा विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सप्टेंबरात तो मथळा पुन्हा दिसला की तीन प्रश्न विचारा. सहभागी व्यक्ती निरोगी होत्या की विकारग्रस्त? तुलना कोणाशी केली? आणि मोजले काय : मेंदूचे आकारमान, परीक्षेतले गुण, की माणसाचे पडणे-उठणे? आजीला नातवाचे नाव व्यायामाने पुन्हा आठवेल, असे वचन आजचे विज्ञान देत नाही. तो दारात आला, की ती आधाराविना उठून त्याच्याकडे जाऊ शकेल, एवढ्यासाठी मात्र रोजची दहा मिनिटे द्यावीत.