गरम पाण्याचा नळ आणि आतड्याचा आजार

पोट बिघडलं की काल काय खाल्लं ते आपण आठवतो. पण आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या एका आजाराचं मूळ शोधताना संशोधक रुग्णाच्या पाळण्यापर्यंत मागे गेले.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांची माहिती छापली. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला सूज आणि व्रण. दिसायला क्षयासारखं, पण क्षय नव्हे. हाच पुढे ‘क्रोन्स डिसीज’ म्हणून ओळखला गेला.

आता कोडं बघा. श्रीमंत देशांत नळ आले, गटारं झाली, कॉलरा हटला. हा आजार मात्र वाढत गेला. असं का?

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधल्या १७ हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. भावंडं जास्त, तिथे ॲलर्जीची सर्दी कमी. लहानपणी भावंडांकडून होणारा संसर्ग पुढे संरक्षण देत असावा, असा त्यांचा तर्क. मग १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक ब्रिटिश अभ्यास आला. तान्हेपणी ज्यांच्या घरात गरम पाण्याचा नळ आणि स्वतंत्र न्हाणीघर होतं, त्यांच्यात क्रोन्स जास्त आढळला. त्याचा भाऊबंद अल्सरेटिव्ह कोलायटिस याबाबत मात्र तसं दिसलं नाही.

२०११ मध्ये डेन्मार्कमधल्या पावणेसहा लाखांवर मुलांच्या नोंदींत अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका अधिक दिसला. पण औषधामुळे आजार झाला, की न ओळखलेल्या आजाराच्या लक्षणांवरच औषध दिलं गेलं, हे अशा नोंदींवरून ठरत नाही. २०१५ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत दिसलं, की माणूस जितक्या लहान वयात तिथे आला, तितका त्याचा धोका जास्त.

आपणही सुटलेलो नाही. लुधियानाच्या पाहणीत लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता.

मग स्वच्छता सोडायची का? मुळीच नाही. अतिसारानं आजही मुलं दगावतात. आणि आजारी लेकराच्या आईला ‘अंगावर कमी पाजलंस’ असं ऐकवूही नका. हे सगळे आकडे हजारो मुलांचे आहेत. एका घराचा दोष त्यातून सिद्ध होत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको. आणि शौचातून रक्त जात असेल, मुलाचं वजन-उंची खुंटली असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.