गुगल करणे

"गुगल कर की," असं आता आजीसुद्धा सांगते. नातवाच्या फोनवर शोधयंत्र कुठलं आहे, याच्याशी तिला काय देणंघेणं? 'बिंग'वर 'गुगल करणारे' महाभागही मी पाहिले आहेत.

या शब्दाचं कूळ गणितातलं. एकावर शंभर शून्यं एवढ्या अजस्र संख्येला नाव काय द्यावं, असं अमेरिकी गणिती एडवर्ड कॅस्नर यांनी आपल्या नऊ वर्षांच्या भाच्याला विचारलं. मिल्टन सिरोटा त्याचं नाव. तो म्हणाला, 'गुगॉल'. कॅस्नर आणि जेम्स न्यूमन यांच्या १९४०च्या पुस्तकातून हे नाव सर्वदूर गेलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांच्या शोधयंत्राला नाव हवं होतं. आधीचं 'बॅकरब' हे नाव म्हणजे पाठ चोळून देणं, तेव्हा ते बदललं हे बरंच झालं! १९९७ साली 'गुगॉल' हे नाव मोकळं आहे का हे बघताना एका सहकाऱ्याने स्पेलिंग चुकवलं, असं सांगतात. चुकलेलंच पेजना आवडलं. पोराच्या गमतीवर दुसऱ्याची चूक, अशी ही दुहेरी बारशाची कथा.

क्रियापद मात्र लोकांनी केलं. २००६ साली ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेलं आणि कंपनी धास्तावली. ती धास्ती खुळी नव्हती. 'एस्कलेटर' हेही एकेकाळी ओटिस कंपनीचं राखीव नाव. सगळेच सरकत्या जिन्याला तेच म्हणू लागले आणि १९५० साली कंपनीचा हक्क गेला. म्हणून गुगलने लोकांना विनवलं, की आमच्या यंत्रावर शोधलंत तरच 'गुगल केलं' म्हणा. २०१३ साली 'कुठल्याही शोधयंत्रावर न सापडणारं' या अर्थाच्या 'ओगुगलबार' या स्वीडिश शब्दाच्या व्याख्येवरही तिने हरकत घेतली. वाद घालण्यापेक्षा स्वीडिश भाषा परिषदेने तो शब्द नव्या शब्दांच्या यादीतून काढला आणि आपली नाराजीही जाहीर केली.

२०१७ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कंपनीला दिलासा दिला: लोक शब्द क्रियापदासारखा वापरतात, एवढ्याने नाव सार्वजनिक होत नाही; सगळ्याच शोधयंत्रांना लोक 'गुगल' म्हणू लागले, तर गोष्ट वेगळी.

मराठीत हा पेच निराळाच. आपण नाम तसंच ठेवतो आणि पुढे 'कर', 'मार', 'काढ' लावून मोकळे होतो. झेरॉक्स काढतो, गुगल करतो. 'गुगलणे' थट्टेत चालतं. पण 'गुगललंस का?' असं आजी काही विचारणार नाही.