अडीचशे वर्षांची हिरवळ आणि रानफुलांचे कुरण

१/१०
इंग्लंडमधील केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात, चॅपलशेजारची हिरवळ १७७२ साली घातली गेली. पुढे जवळपास अडीच शतके ती गालिच्यासारखी कातरून राखली गेली. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र तिच्या एका मोठ्या भागात पॉपी, कॉर्नफ्लॉवर आणि डेझी फुलल्या. या बदलाची मुळे इंग्लंडच्या शेतीच्या इतिहासात आहेत.

२/१०
हिरवळ ही मुळात श्रीमंतीची खूण. एवढी जमीन पिकाविना ठेवायची आणि लांब दांड्याच्या विळ्यांनी गवत छाटायला मजूर लावायचे, हे जमीनदारांनाच परवडे. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ही कल्पना त्याला लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. त्यानंतर हिरवळ मध्यमवर्गाच्याही अंगणात आली.

३/१०
कुरण शेतकऱ्याचे. उन्हाळा सरता सरता गवत कापायचे, वाळवायचे, गंज्या रचायच्या आणि हिवाळाभर तो चारा गुरांना पुरवायचा, हा क्रम शतकानुशतके चालला. कापणीपूर्वी फुलांचे बी पिकून झडलेले असे. कोणी न पेरलेली ही फुलबाग वैरणीच्या गरजेतून टिकून राहिली.

४/१०
१८५६ मध्ये रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी जुन्या कुरणाचे तुकडे पाडून त्यांवर निरनिराळी खते टाकली. चारा कशाने वाढतो, हा त्यांचा प्रश्न. लॉज स्वतः खतांचा कारखानदार. चारा खरोखरच वाढला. पण नत्रखत टाकलेल्या तुकड्यांतून फुले नाहीशी होऊ लागली.

५/१०
हा प्रयोग आजही चालू आहे. खत न दिलेल्या तुकड्यांत सुमारे ४० जातींच्या वनस्पती आढळतात. अमोनियम सल्फेटने आम्ल झालेल्या काही तुकड्यांत दोन-तीनच. कसदार मातीत दांडगे गवत माजते आणि बाकीच्यांचे ऊन हिरावून घेते. निकस मातीत कोणालाच वरचढ होता येत नाही, म्हणून सगळ्यांना जागा मिळते.

६/१०
दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी कुरणे नांगरली गेली. युद्धानंतर रासायनिक खते आणि तणनाशके आली. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणे गेली. हे सारे एका माणसाच्या आयुष्यात घडले.

७/१०
म्हणून हिरवळीचे कुरण करताना पहिले काम म्हणजे खत आणि तणनाशक बंद करणे. दुसरे, बी झडल्यावर वर्षातून एकदा कापणी. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, कापलेले गवत उचलून नेणे. ते तिथेच कुजले तर त्याचे खत होते आणि मातीचा कस कमी होत नाही.

८/१०
दांडग्या गवताला आवरण्यासाठी तणनाशकाऐवजी एक रोपटे कामी येते, ‘यलो रॅटल’. ते अर्धपरजीवी आहे. आपली मुळे गवताच्या मुळांत रुतवून ते त्याचे पाणी आणि पोषण शोषते. गवत दबले की इतर फुलांना वाव मिळतो. त्याचे बी मोकळ्या केलेल्या मातीवर शरद ऋतूत टाकावे लागते. हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही.

९/१०
किंग्ज कॉलेजच्या कुरणाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ८४ जातींच्या वनस्पती आढळल्या. पेरलेल्या होत्या केवळ ३३. उरलेल्या हिरवळीपेक्षा वनस्पती, कोळी आणि कीटक यांच्या जाती तिपटीने अधिक, आणि वटवाघळांचा वावरही तिप्पट. २०२१ मध्ये तिथली कापणी शायर जातीच्या घोड्यांकरवी करण्यात आली.

१०/१०
त्या कापणीत हौसेचा भाग असेलही. पण कापणीच थांबली, तर काही वर्षांत कुरणावर झुडपे येतील आणि मग रान. म्हणजे ते ९७ टक्के कुरण गमावताना इंग्लंडने निसर्गाबरोबर शेतकऱ्यांच्या श्रमाची एक जुनी रीतही गमावली. चॅपलचे दगड जपणाऱ्या कॉलेजने आता त्याच्या शेजारी हा दुसरा वारसा जपायला घेतला आहे, आणि त्याची निगा दरवर्षी नव्याने राखावी लागणार आहे.